खांद्यावरची होडी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीला खेटून, ‘बाउंडरी वॉटर्स’ नावाचा तळ्यांचा आणि नद्यांचा सुमारे ४ लाख ४० हजार हेक्टरांचा मुलूख आहे. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी मिनिआपोलिस किंवा डुलुथहून निघालेल्या गाड्यांच्या टपांवर कनू, म्हणजे दोन टोकांना निमुळती असलेली हलकी होडी, पालथी बांधलेली दिसते. चार मित्र, दोन होड्या, एक तंबू, दोन दिवसांचा शिधा. एका गटात ९ पेक्षा जास्त माणसं आणि ४ पेक्षा जास्त होड्या चालत नाहीत. मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच करायचा. हा प्रदेश १९६४ च्या ‘वाइल्डरनेस अ‍ॅक्ट’खाली राखलेला आहे. माणूस पाहुणा म्हणून येतो आणि राहत नाही, ते रान, अशी त्या कायद्याची व्याख्या. सहलीला येणारेही याच समजुतीने येतात, की दोन दिवस जिथे कुणी नव्हतं तिथे जायचं. ही समजूत इतिहासाला धरून नाही, असं माझं मत आहे. सुटीतले हे वल्हेकरी रानात शिरत नाहीत. ते एका जुन्या, वाहत्या हमरस्त्यावरून जात असतात.

रस्ता म्हणण्याचं कारण पाण्यात नाही, दोन पाण्यांच्या मधल्या जमिनीत आहे. हिमनद्यांनी खरवडलेल्या या खडकाळ प्रदेशात तळी हजारोंनी आहेत, पण ती एकसलग नाहीत. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना धबधबा, खळाळ किंवा नुसता उंचवटा आडवा येतो. तिथे सामान उतरवायचं, होडी पालथी करून खांद्यावर घ्यायची आणि पायवाटेने पलीकडचं पाणी गाठायचं. या वाटेला फ्रेंचांनी ‘पोर्टाज’ म्हटलं, तिथल्या अनिशिनाबे ऊर्फ ओजिब्वे लोकांच्या भाषेत ती ‘ओनिगम’. तिची लांबी अजूनही ‘रॉड’ या जुन्या मोजणीच्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. या वाटा आपोआप पडलेल्या नाहीत. कुठे वळलं तर चढ कमी लागेल, कुठे दलदल टाळता येईल, हे पिढ्यान्‌पिढ्या पायांनी तपासून त्या ठरल्या आहेत. त्या किती रुळलेल्या होत्या याचा भक्कम पुरावा अमेरिका आणि ब्रिटन यांच्या १८४२ च्या वेबस्टर-अ‍ॅशबर्टन तहात सापडतो. लेक सुपीरियरपासून लेक ऑफ द वूड्सपर्यंतचे सगळे जलमार्ग आणि नेहमीच्या वापरातले सगळे पोर्टाज दोन्ही देशांच्या लोकांना खुले राहतील, असं त्यात लिहिलं आहे. निर्मनुष्य रानासाठी दोन सत्ता असं कलम लिहीत नाहीत. ते वाहतुकीच्या रस्त्यासाठीच लिहावं लागतं.

होडीही हेच सांगते. मूळची कनू भूर्जाच्या सालीची. आपल्याकडे हिमालयातल्या ज्या झाडाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच्याच कुळातलं हे झाड. सालीची आतली बाजू बाहेर येईल अशी ती वळवायची, स्प्रूसच्या मुळांनी शिवायची, आतून सीडरच्या पातळ फासळ्या बसवायच्या आणि शिवणी डिंकाने लिंपायच्या. फुटली तर काठावरच्या झाडांच्याच सालीने, मुळांनी आणि डिंकाने ती तिथल्या तिथे सांधता येते, आणि माणसाला उचलता येते. हे दोन गुण कुठल्या अपघाताने आलेले नाहीत. ज्या देशात दर काही तासांनी होडी खांद्यावर घ्यावी लागते, त्या देशाने घडवलेली ही होडी आहे. फ्रेंच आणि पुढे इंग्रज व्यापाऱ्यांचा फरचा धंदा याच होडीवर उभा राहिला. माँट्रियलहून माल आणणारी मोठी कनू सुमारे ११ मीटर लांब असे, आणि आत जाणारी तिच्याहून बरीच लहान. वाहणाऱ्याच्या पाठीवर सुमारे ४१ किलोचं गाठोडं, आणि बहुधा एका वेळी दोन, कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याच्या आधाराने. लेक सुपीरियरच्या काठच्या ग्रँड पोर्टाजवर असं सुमारे साडेतेरा किलोमीटर चालावं लागे. १८२१ मध्ये या धंद्यातली नॉर्थवेस्ट कंपनी तिच्या प्रतिस्पर्धी हडसन्स बे कंपनीत विलीन झाली आणि माँट्रियलच्या वाटेचं महत्त्व ओसरलं. वाट मात्र राहिली, कारण ती कंपनीची कधी नव्हतीच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हौसेची कनूसफर ही वेगळीच गोष्ट, तिचा जन्म इंग्लंडमधला. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाच्या छोट्या होडीतून युरोपच्या नद्या पालथ्या घातल्या, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कनू क्लब निघाला. अमेरिकन कनू असोसिएशन १८८० चं. शनिवार-रविवार मोकळे मिळू लागले ते कारखान्यांच्या युगात. चाळीस तासांचा आठवडा अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने आला. हे सगळं खरं आहे. हौस आणि रिकामा वेळ शहराने दिला. पण मॅकग्रेगरची वरून झाकलेली, दुपाती वल्ह्याची होडी बाउंडरी वॉटर्समध्ये चालली नाही. तिथे उघडी, उचलता येणारी, एकपाती वल्ह्याची कनूच टिकली. ग्रुमन या विमान कंपनीच्या विल्यम हॉफमन या अधिकाऱ्याला १९४४ मध्ये सहलीत लाकूड-कापडाची जड कनू पोर्टाजवरून वाहताना अ‍ॅल्युमिनियमच्या होडीची कल्पना सुचली, आणि महायुद्ध संपताच कंपनीने ती बनवायला घेतली. साल गेली, धातू आला. होडी हलकी हवी, हा हुकूम मात्र त्याच पायवाटेचा होता.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. रान म्हणून जाहीर केलं नसतं तर हा मुलूख उरला असता का? बहुधा नसता. १९२५ मध्ये एडवर्ड बॅकस या कारखानदाराने सरहद्दीच्या तळ्यांवर धरणांची मालिका बांधण्याचा घाट घातला होता. त्याच्याविरुद्ध अर्नेस्ट ओबरहोल्त्झर हा निसर्गरक्षक वर्षानुवर्षं लढला. १९३० च्या कायद्याने सरकारी जंगलातल्या या तळ्यांची पातळी बदलायला आणि काठापासून ४०० फुटांच्या आत झाडं तोडायला बंदी आली. ओबरहोल्त्झरचं ऋण मोठं आहे. पण तो हा प्रदेश शिकला कुणाकडून? १९०९ मध्ये बिली मॅगी या ओजिब्वे सोबत्याबरोबर त्याने याच मुलखात लांबची कनूसफर केली, तेव्हा वाट जाणणाऱ्या माणसांमुळेच वाट वाचवणारा घडला. आणि रक्षणाची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. सरहद्दीपलीकडच्या क्वेटिको उद्यानासाठी ओंटारियो सरकारने १९१५ मध्ये लाक ला क्रॉ इथल्या ओजिब्वेंची स्टर्जन लेकची राखीव जमीन परस्पर रद्द केली. माफी आली ती १९९१ मध्ये. माणूस राहत नाही ते रान, ही व्याख्या राहणाऱ्यांना बाहेर काढल्यावर खरी ठरवण्यात आली. म्हणून शब्द बदलायला हवा असं मला वाटतं. संरक्षण असू द्या, बंधनंही असू द्या, पण फलकांवर आणि नकाशांवर रानाबरोबर रस्ताही लिहा, आणि कुणाचा ते लिहा.

हे अशक्य नाही, याचं उदाहरण जवळच आहे. ग्रँड पोर्टाजला ओजिब्वे ‘गिची-ओनिगामिंग’ म्हणतात, मोठी वाट जिथे आहे ती जागा. तिच्या राष्ट्रीय स्मारकासाठी १९५८ मध्ये स्थानिक ओजिब्वेंनी स्वतःची जमीन दिली. १९९९ पासून तिथल्या देखभालीचं काम कराराने ‘ग्रँड पोर्टाज बँड’ या त्यांच्याच जमातीकडे आहे, आणि पडलेली झाडं बाजूला करून ती साडेतेरा किलोमीटरची वाट त्यांचीच माणसं मोकळी ठेवतात.