दीनियातचा तास, अखलाकियातचा तास

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, की कधी कधी उर्दूत छापलेले एखादे जुने प्रमाणपत्र हाती लागते. असे कागद फक्त मुसलमानांच्या घरांत निघतात असे नाही. देशपांडे, कुलकर्णी, जोशी यांच्या पेट्यांतही ते निघतात. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुलाला बी. ए. करायचे आणि पुण्या-नागपूरचा खर्च झेपत नाही, तर हैदराबाद हाच रस्ता. तिथे पदवी मिळे ती बहुधा उस्मानिया विद्यापीठाची.

त्या विद्यापीठातल्या एका तासाविषयी मला आज बोलायचे आहे.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे फर्मान १९१७ साली निघाले आणि १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. कायदा, वैद्यक, पदार्थविज्ञान, सगळे उर्दूत. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतराचे खाते उघडले गेले आणि तिथे शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा इतका मोठा प्रयोग हिंदुस्थानात तोवर झाला नव्हता. आता बीडच्या किंवा नांदेडच्या मराठी मुलाला ही ‘देशी’ भाषाही इंग्रजीइतकीच परकी होती, हे खरे. पण तो वेगळा विषय आहे.

या विद्यापीठात कला शाखेच्या जोडीला दीनियातची, म्हणजे इस्लामी धर्मविद्येची, स्वतंत्र शाखा होती. कुराणाचे भाष्य, हदीस, फिकह आणि कलाम हे तिथले विषय. देवबंदला शिकलेले मौलाना मनाझिर अहसन गिलानी या विभागाचे प्रमुख होते. डॉ. मुहम्मद हमीदुल्ला याच विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांनी पुढे जर्मनीत बॉन आणि फ्रान्समध्ये पॅरिस इथून डॉक्टरेट मिळवल्या, १९४८ नंतर पॅरिसलाच राहिले आणि कुराणाचे फ्रेंच भाषांतर केले. मदरशातली विद्या आणि युरोपातली संशोधनाची शिस्त एका माणसात नांदू शकते, हे उस्मानियाने दाखवून दिले. तिच्यावर टीका करताना एवढे श्रेय तिला द्यायलाच हवे.

आता तो तास. धर्मविद्येची पदवी घेणारे थोडेच असत. पण कला शाखेतल्या मुलांनाही एक विषय सक्तीचा होता. मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात, इतरांना अखलाकियात, म्हणजे नीतिशास्त्र. मघापर्यंत शेजारी बसून इतिहास शिकणारी मुले या विषयाला दोन वर्गांत विभागली जात. एका वर्गात धर्म होता, पण स्वतःचाच. दुसऱ्या वर्गात नीती होती, पण कुणाचाच धर्म नव्हता. शेजाऱ्याचा धर्म शिकवणारा तास वेळापत्रकात कुठेच नव्हता. माझ्या मते त्या विद्यापीठाची खरी उणीव ही होती. दीनियात शिकवले जाई, ही नव्हे. वर्गात जे शिकवले नाही ते वसतिगृहात उफाळले. १९३८ साली प्रार्थनेत ‘वंदे मातरम’ म्हणण्यावरून संघर्ष झाला, शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले.

इंग्रजी मुलखात याच्या उलट तऱ्हा होती. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर आणि सरकारच्या धार्मिक तटस्थतेच्या धोरणाखाली. तिथे धर्मविद्येची पदवीच ठेवली नाही. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी आपलाही धर्म विद्यापीठाबाहेर ठेवला. स्वतंत्र भारताच्या घटनेचे अठ्ठाविसावे कलम याच वाटेने गेले: संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण नाही. पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले आणि दीनियातची सक्ती गेली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि आमची कॉलेजे त्याला जोडली गेली, तेव्हा दीनियातही नव्हते आणि अखलाकियातही नव्हते.

मग आमच्या भागात धर्माचा अभ्यास थांबला का? अजिबात नाही. तो मराठीच्या विभागात जाऊन बसला. मी मराठी घेऊन बी. ए. केले. ‘संतवाङ्मय’ नावाच्या पेपरात आम्ही अलंकार शिकलो तेवढेच अद्वैत शिकलो, आणि छंदाइतकीच भक्तीही शिकलो. अंबाजोगाईचे मुकुंदराज आणि दासोपंत म्हणजे तर आमच्या घरचेच. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा मानतात. त्याच्या काळाविषयी आणि स्थळाविषयी विद्वानांत वाद आहेत, पण तो ग्रंथ वेदान्ताचा आहे याविषयी वाद नाही. आमच्या सरांनी तो वेदान्त म्हणूनच शिकवला. परीक्षेत मात्र प्रश्न आला भाषावैशिष्ट्यांचा.

त्या दिवसांत मला दोन्हीकडून एकच प्रश्न विचारला जाई. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणायचे, “बेटा, हे वाचून तुला काय मिळणार?” आणि वर्गातला एखादा मित्र कौतुकाने म्हणायचा, “तुला हे कसं काय कळतं रे?” दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण अद्वैत समजायला जात लागते आणि तौहीद समजायला सुंता लागते, अशी काहीशी समजूत दोघांच्याही मनात होती. दोन तासांची ती जुनी भिंत कॉलेजातून गेली होती, माणसांच्या डोक्यात मात्र उभी होती.

आणि ही भिंत कुठे? तर बीड जिल्ह्यात! महादजी शिंदे ज्यांना गुरू मानत, ते मन्सूरशहा बीडचे. आणि शेख महंमद आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचे. त्यांचे गुरू चांद बोधले कादरी परंपरेतले सूफी. दौलताबादच्या याच चांद बोधल्यांना परंपरा जनार्दनस्वामींचेही गुरू मानते, आणि जनार्दनस्वामी म्हणजे एकनाथांचे गुरू. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ सतराव्या शतकातला. देहाच्या रणांगणावर जीव आपल्या विकारांशी लढतो, असे त्याचे रूपक. लिहिणारा मुसलमान, छंद ओवीचा, परिभाषा योगाची आणि वेदान्ताची, आणि मधूनच सूफी विचार उमटतात. मूर्तिपूजेवर ते जेवढे कठोर बोलतात तेवढेच ढोंगी मुल्लांवरही. समाधी श्रीगोंद्याला. वा. सी. बेंद्रे यांनी हा ग्रंथ संपादून छापला आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, म्हणून आपल्याला आज एवढे तरी माहीत आहे. ही दोघांची मेहनत स्वतःच्या हौसेची होती. कुठल्याही धर्म-अध्ययन विभागाने त्यांना हे काम दिले नव्हते.

शेख महंमदांना उस्मानियाच्या वेळापत्रकात कुठे बसवले असते? दीनियातच्या मौलवींना त्यांचा योग चालला नसता आणि अखलाकियातच्या प्राध्यापकांना त्यांचा अल्ला नकोसा झाला असता.

घटना धर्माची शिकवण देण्यावर बंधन घालते, धर्मांविषयी शिकवण्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात हा फरक स्पष्ट केला. अलीगढला सुन्नी आणि शिया धर्मविद्येचे विभाग आहेत, पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात निरनिराळ्या धर्मांच्या अध्ययनाचा विभाग आहे. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पाली आणि बौद्ध धर्माचा अभ्यास होतो. पैठणचे संतपीठ अनेक वर्षे कागदावर राहून २०२१ साली सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण आष्टीच्या एखाद्या मुलीला उद्या ‘योगसंग्राम’वर पीएच. डी. करायची झाली, तर तिला जुनी मराठी हवी, कादरी सिलसिल्याची कागदपत्रे वाचायला फारसी हवी, योगाची परिभाषा कळायला थोडे संस्कृत हवे. मराठी विभागात फारसी नाही, उर्दू विभागात ओवी नाही, आणि संस्कृत विभागात शेख महंमदांचे नाव नाही. गेल्या वर्षी अशाच एका मुलीने मला विचारले, “सर, अर्ज कुठल्या विभागात करू?” मी तिला मराठी विभागाचे नाव सांगितले आणि फारसीसाठी गावातल्या एका वृद्ध मौलवींचा पत्ता दिला. ती आता दर जुम्म्याला, नमाजानंतर, त्यांच्याकडे जाते.