प्लेगने आखलेली मुंबई

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाने माणसे दगावू लागली. मांडवी ही बंदरालगतची धान्याची पेठ: खाली वखारी आणि वर दाटीवाटीने राहणारी कुटुंबे. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या वस्तीत दवाखाना चालवत. हा ताप म्हणजे प्लेग, हे निदान त्यांनी केले. वखारींत उंदीर मरून पडत होते, पण त्यांचा माणसांच्या आजाराशी असलेला संबंध तेव्हा कोणी नीट जोडला नाही. पुढे खेड्यापाड्यांतल्या लोकांनी तो आपल्या परीने ओळखला. ‘उंदीर पडले’ की घराला कुलूप लावून रानात खोपटी उभारायची, ही रीतच पडली.

सरकारी समजूत वेगळी होती. घाण, ओल आणि कोंदट हवा यांत रोग पोसतो, असे बहुतेक अधिकारी व डॉक्टर मानत. रोग माणसात कमी आणि जागेत जास्त, असा त्याचा अर्थ होता. म्हणून गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली, भिंतींना चुना फासला गेला, उजेड आत यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यूएचएच’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. आत राहणाऱ्यांपैकी किती जणांना ती वाचता येत असतील, हा प्रश्न कोणाला पडलेला दिसत नाही.

6 ऑक्टोबर 1896 रोजी महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा अधिकार देणारी अधिसूचना काढली. कशासाठी नेणार, तिथे काय करणार, नातलगांना भेटता येईल का, मृत्यू आलाच तर अंत्यसंस्कार कोण करणार, याची उत्तरे लोकांपर्यंत पोचलीच नाहीत. ती जागा अफवांनी भरून काढली. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या देहातून ‘मोमिआई’ हे औषधी द्रव्य काढतात, असे बोलले जाऊ लागले. त्याच महिन्यात कोणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले होते; तेव्हा चिडलेल्या राणीला शांत करण्यासाठी रुग्णांची काळजे विलायतेला पाठवतात, अशीही वदंता पसरली. ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर सक्ती सैल करण्यात आली.

लोकांनी आपला मार्ग शोधला होताच. लाखो माणसे आगगाडी आणि आगबोटीने गावी निघाली, आणि त्यांच्यासोबत रोगही कोकणात व देशावर पोचला. 1891 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे 8 लाख 22 हजार होती. 1901 मध्ये ती 7 लाख 76 हजारांवर आली.

फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. तो इतका दीर्घायुषी ठरला की 2020 मध्ये कोविडच्या वेळी महाराष्ट्राने त्याचाच आधार घेतला. या कायद्याच्या बळावर पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांनी गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या घेतल्या. त्यांची परिणती 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर केलेल्या गोळीबारात झाली. मुंबईतील प्लेग समितीचे अध्यक्ष जनरल गेटेकर हे तर लष्करी अधिकारी, पण त्यांनी जातीजमातींच्या पुढाऱ्यांना बरोबर घेतले आणि ज्या त्या समाजाला स्वतःचे रुग्णालय काढू दिले. आपल्या माणसांचा स्वयंपाक आणि आपल्या लोकांची शुश्रूषा मिळू लागल्यावर रुग्णालयाची धास्ती बरीच उतरली. संपली मात्र नाही: मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातील जुलाह्यांच्या वस्तीत एका मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळलीच. दरम्यान जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती.

रोग जागेत आहे, तर जागाच बदलावी, या विचारातून 1898 मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. नागपाड्याच्या दाट वस्तीपासून त्याने पाडकामाला हात घातला. समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते काढण्यात आले. सँडहर्स्ट रोडला आज सरदार वल्लभभाई पटेलांचे नाव आहे. दादर-माटुंगा भागात मोकळे भूखंड पाडून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांत मध्यमवर्गाला हवेशीर घरे मिळाली. ज्यांची खोली पाडली गेली, त्या हमालांना आणि गिरणी कामगारांना तिथले भाडे परवडणारे नव्हते, आणि कामाच्या ठिकाणापासून लांब जाणे तर मुळीच नाही. ते शेजारच्या गल्लीत सरकले आणि ती गल्ली आणखी दाटली.

पिसवा उंदरांकडून माणसांकडे प्लेग नेतात, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्येच कराचीत दाखवले होते. त्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. 1905 नंतर मुंबईतच झालेल्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी ते पक्के केले, पण तोवर ट्रस्टच्या हवेशीर रस्त्यांची आखणी पुष्कळ पुढे गेली होती.

ट्रस्टने कष्टकऱ्यांसाठी चाळीही बांधल्या. ‘बीआयटी चाळी’ म्हणून त्या ओळखल्या जातात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि या चाळी पालिकेच्या झाल्या.