बीपीच्या गोळीचं मूळ

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत ‘गोळी घेतली का?’ असं कुणी विचारलं, तर कुठली गोळी हे सांगावं लागत नाही. बीपीची. चहा-दशम्यांइतकी ती सकाळची झाली आहे. पण तिची कथा शंभर वर्षांचीही नाही आणि तिच्या घराण्यात मुंबईच्या एका डॉक्टरांचं नाव ठळकपणे येतं.

आधी आकडा आला, औषध बरंच नंतर. दंडाला फुगणारी पट्टी बांधून पाऱ्याच्या उंचीवरून रक्ताचा दाब मोजायची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दाखवली. तिच्यात फक्त वरचा आकडा कळे. खालचा आकडा १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी मिळवून दिला, कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून. त्यापुढची चाळीसएक वर्षं विचित्र गेली. दाब मोजता येई, उतरवता मात्र येत नसे. हा दाब शरीराला गरजेचाच असतो, त्याला हात लावू नये, असं म्हणणारे नामवंत डॉक्टरही होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो ३००/१९० भरला. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला देण्याजोगी एक धड गोळी त्याच्या डॉक्टरांकडे नव्हती.

होता तो एक आहार. ड्यूक विद्यापीठाचे वॉल्टर केम्पनर रुग्णांना नुसता भात, फळं, फळांचा रस आणि साखर एवढ्यावर ठेवत. मीठ जवळजवळ नाहीच. पुष्कळांचा दाब खरोखर उतरला. कळण्याची भाकरी, ठेचा आणि उडदाचे पापड खाणाऱ्या खानदेशी माणसाला हा आहार किती दिवस सोसला असता, सांगणं कठीण आहे. अमेरिकनांनाही तो फारसा सोसला नाही. त्यातला मिठाचा धडा मात्र खरा निघाला, आणि तो आपल्या पापडांना जास्तच लागू आहे. पापडात मीठ असतं ते असतंच, पण पापडखारातही सोडियमच असतं. ते जिभेला खारट लागत नाही, म्हणून हिशेबात धरलं जात नाही.

औषध मात्र आपल्याकडे होतं, वेगळ्याच कामाला लावलेलं. सर्पगंधेची मुळी बिहारात वेड लागलेल्या माणसाला शांत करायला देत; तिचं तिकडचं नावच ‘पागल की दवा’. झोप येत नसेल तर ती दिली जाई, सापाच्या विषावरही. युरोपियनांनी तिला ज्याच्या नावावरून ‘रावोल्फिया’ म्हटलं, तो लिओनार्ट राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य भारतात कधी आलाच नव्हता.

कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं, की दिवसातून दोनदा वीस-तीस ग्रेन, म्हणजे एका वेळी दीड-दोन ग्रॅम चूर्ण दिलं, तर वेडाचा भर ओसरतो आणि रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी दिल्लीत सिद्दिकी बंधूंनी मुळीतली अल्कलॉइडं वेगळी काढली. १९३४ पासून ‘सर्पिना’ नावाची गोळी भारतात विकलीही जाऊ लागली. तरी देशाबाहेर कुणी मान वर करून पाहिलं नाही. मला यात परक्यांचा आकस कमी आणि पुराव्याची उणीव जास्त दिसते. ‘गुण येतो’ हे सगळेच सांगत होते. किती जणांना, किती, आणि किती दिवस, हे विदेशी डॉक्टर वाचतात अशा ठिकाणी कुणी मांडलं नव्हतं.

ते काम परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केलं. त्यांनी ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, दोन्ही आकडे मोजत राहिले आणि १९४९ मध्ये ते सगळं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापलं. बहुतेकांचा वरचा आणि खालचा, दोन्ही दाब उतरले होते. मुळी त्यांनी शोधली नव्हती, गोळीही त्यांनी बनवली नव्हती. पण त्या लेखानंतर चक्रं फिरली. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ती मुळी आपल्या रुग्णांवर वापरून पाहिली आणि १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं: रेसर्पिन. दीड-दोन ग्रॅम चूर्णाच्या जागी आता पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पुरत होतं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं नॉरअॅड्रिनलिन रितं करतं. रक्तवाहिन्या आवळायचा निरोपच क्षीण होतो, म्हणून दाब उतरतो. मेंदूतले साठेही त्याच रीतीने रिकामे होतात, म्हणून वेड्याला शांत करणारी मुळी आणि बीपीची मुळी एकच. याची किंमतही होती: नाक चोंदणं, सुस्ती, मोठ्या मात्रेत काहींना उदासी. जुन्या मंडळींना ‘अॅडेल्फेन’ आठवत असेल. तिच्यात रेसर्पिन होतं. पुढे अॅम्लोडिपिनसारख्या, कमी त्रासाच्या गोळ्या आल्या आणि रेसर्पिन मागे पडलं. आज सरकारी दवाखान्यात मिळते ती बहुधा अॅम्लोडिपिनच.

मुळी मात्र गेलेली नाही. सर्पगंधा घनवटी आजही आयुर्वेदिक दुकानात मिळते आणि ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?’ म्हणत पुष्कळ जण ती इंग्रजी गोळीच्या जोडीला घेतात. तो झाडपाला खरंच काम करतो, हीच तर अडचण आहे. दोन्ही मिळून दाब नको तितका उतरू शकतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. म्हणून डॉक्टर ‘आणखी काही घेता का?’ असं विचारतात तेव्हा घनवटीचं नावही त्यांना सांगायचं असतं, आणि बीपी थोडे दिवस बरोबर आलं म्हणून कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. आकडा बरोबर आलेला असतो, तो गोळी चालू असते म्हणून.