दिवाळखोराच्या घरचा रोजखर्च

'दिवाळे' या शब्दात दिवा आहे, आणि तो दिवाळीचा नव्हे. व्यापारी पेढ्यांतून अशी रीत सांगितली जाते की, देणे फेडणे अशक्य झाले म्हणजे सावकार भर दिवसा दुकानात दिवा लावून, गादी उलटी घालून बसे. पाहणाऱ्याने काय ते समजावे. ही एक प्रकारची जाहीर नोटीसच होती, आणि राजपत्रातील नोटिशीहून ती अधिक लोकांच्या दृष्टीस पडत असावी. परंतु दिवा लावल्यावर त्या घरात संध्याकाळची चूल कशी पेटे, दूधवाल्याचे पैसे कोण देई, याविषयी परंपरा मूक आहे. या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले, आणि तेही फार सावकाश.

आमच्या धर्मशास्त्राने ऋण हे मरणानेही न सुटणारे मानले. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, हे त्याचे पुण्यकर्तव्य. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी घेऊ नये, हा दामदुपटीचा नियम तेवढा ऋणकोच्या बाजूचा. देण्यातून कायमची मुक्तता ही कल्पना मात्र इंग्रजी कायद्याबरोबर आली. त्यापूर्वी, आणि काही अंशी त्यानंतरही, धनकोच्या हाती कैदेचे हत्यार होते. त्यात एक गंमत अशी की, दिवाणी तुरुंगात टाकलेल्या ऋणकोच्या जेवणाचा भत्ता धनकोलाच भरावा लागे. तो नियम दिवाणी व्यवहार संहितेत आजही आहे. म्हणजे ज्याने पैसे बुडविले त्याच्या पोटापाण्याची सोय, ज्याचे बुडाले त्यानेच करावयाची!

1828 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे नादार ऋणकोंसाठी न्यायालये निघाली. 1848 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. मुंबईत त्याची खरी कसोटी 1865 मध्ये लागली. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपताच तो कोसळला, आणि 1 जुलै 1865 हा वायद्यांच्या फेडीचा दिवस अनेक घराण्यांचा काळदिवस ठरला. त्या पडझडीसाठी त्याच वर्षी 28 वा कायदा स्वतंत्रपणे करावा लागला, आणि 1868 मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बेही मोडीत निघाली.

आज ज्यांचे नाव वकिलांच्या तोंडी आहे ते दोन कायदे यानंतरचे: इलाखा शहरांसाठी 1909 चा आणि उर्वरित प्रांतांसाठी 1920 चा. पोर्तुगीज कायद्याची वाट निराळी होती. त्याने व्यापाऱ्याचे दिवाळे आणि इतरांची नादारी यांत भेद केला. इंग्रजी पद्धतीत तो भेद पुढे उरला नाही. न्यायालयाने नादार ठरविताच माणसाची सर्व मालमत्ता, बँकेतील शिलकेसह, मुंबईत ऑफिशियल असायनीकडे आणि इतरत्र न्यायालयाकडे अथवा रिसीव्हरकडे जाते. त्याच्याजवळ राहते काय? 1909 च्या कायद्याने हत्यारे, कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी व घरसामान मिळून एकूण 300 रुपयांपर्यंतचे ठेवू दिले. 1920 च्या कायद्याने दिवाणी संहितेची जप्तीमाफी मान्य केली. तीत धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना आहे आणि हिशेबाच्या वह्याही आहेत. मंगळसूत्र आणि चोपडी एकाच कलमात आणणाऱ्या मसुदेकाराचे आम्हांस कौतुक वाटते. शिवाय नादाराच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्याच्याच मालमत्तेतून भत्ता देण्याचा अधिकार न्यायालयास आहे.

नादार ठरल्यानंतर त्याने मजुरी मिळविली, तर किराणा आणावा की नाही? तीही कमाई कायद्याने रिसीव्हरकडे जाऊ शकते. परंतु कोहेन विरुद्ध मिचेल या 1890 च्या इंग्रजी निवाड्याने ठरविले की, रिसीव्हरने हात घालण्यापूर्वी अशा मिळकतीतून कोणी सद्भावनेने व मोबदला देऊन व्यवहार केला, तर तो टिकतो. वाण्याला दिलेले पैसे त्यामुळे वाण्याचेच राहतात. उधारीची गोष्ट मात्र वेगळी. 1920 च्या कायद्याने, आपण मुक्तता न झालेले नादार आहोत हे न सांगता 50 रुपये वा अधिक उधार घेणे हा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा केला.

आता देवालयांच्या महाजनांनी कान द्यावा अशा दोन गोष्टी. बुडत्या माणसास आधी देवाचे देणे द्यावेसे वाटते. पण देणगी म्हणजे मोबदल्यावाचूनचे हस्तांतरण. ती दिल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज होऊन देणारा नादार ठरला, तर रिसीव्हरच्या अर्जावरून न्यायालय ती रद्द करू शकते. देवाने स्वीकारलेली समई परत मागण्याचा प्रसंग येऊ शकतो, आणि आमच्या मते ते न्याय्यच आहे. ती समई धनकोंच्या पैशांतून आलेली असते.

दुसरी गोष्ट याच्या उलट. विश्वस्त म्हणून धारण केलेली मालमत्ता धनकोंत वाटली जात नाही. परंतु खजिनदाराने देवस्थानचा पैसा स्वतःच्याच खात्यात भरून ठेवला असेल तर? 1816 च्या क्लेटन खटल्याचा नियम असा की, चालू खात्यात जे आधी आले तेच आधी गेले असे धरावे. विश्वस्तनिधीला तो लावला असता, तर जुना धर्मादाय पैसा प्रथम खर्ची पडला असता. 1880 च्या हॅलेट खटल्यात, अशिलाचा पैसा आपल्या खात्यात मिसळून कर्जबाजारी मेलेल्या एका सॉलिसिटराबाबत सर जॉर्ज जेसेल यांनी ठरविले की, विश्वस्ताने आधी स्वतःचेच पैसे काढले असे मानावे. तथापि या उदार तर्कालाही तळ आहे. खात्यात देवाचे 1000 रुपये पडले, मध्यंतरी शिल्लक 100 वर आली, आणि पुढे खजिनदाराने स्वतःचे 900 भरले, तरी देवस्थानास केवळ मिसळणीच्या आधारे 100 वरच हक्क सांगता येतो. उरलेल्या 900 साठी देवाला इतर धनकोंच्या रांगेत उभे राहावे लागते.

2016 च्या दिवाळखोरी संहितेने हे दोन्ही जुने कायदे रद्द करण्याची तरतूद केली. परंतु तिचा व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून अमलात आणला गेला तो केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता.