विशीच्या आतला वाचक

तरुण वाचक म्हणजे नेमका कोण, याची व्याख्या मराठी साहित्याच्या इतिहासग्रंथांत मी बरीच शोधली. ती मिळाली भारतीय दंड विधानात. कलम २९२ अश्लील मजकुराच्या विक्रीबद्दल आहे. त्याला खेटून असलेले कलम २९३ असा मजकूर वीस वर्षांखालच्या व्यक्तीच्या हाती दिला तर काय, ते सांगते, आणि त्याची शिक्षा अधिक आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी विसाव्या वाढदिवसाच्या सकाळी वाचक मोठा होत असे. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या जागी 'बालक' हा शब्द आला आणि सीमारेषा अठरावर सरकली.)

गेली वीस-बावीस वर्षे नोकरी सांभाळून मी मराठीतल्या प्रेमकादंबऱ्या आणि रहस्यकथा गोळा करतो आहे. माझी पदवी वाणिज्य शाखेची. साहित्याचा अभ्यास कसा करतात ते मला कोणी शिकवलेले नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करू नये हेही कोणी सांगितले नाही. माझा प्रश्न साधा होता. ही पुस्तके हजारो मुलामुलींनी वाचली. मग त्यांचे परीक्षण कोणी केले?

प्रेमकथेपासून सुरुवात करू. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी एक अडचण मोकळेपणाने मांडली आहे. आपल्याकडच्या विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे फारसे काही घडत नाही. रोजचेच लिहिले तर त्यात रंजन होणार नाही. तेव्हा करमणूक करायची तर अद्भुताकडे वळणे भाग आहे, असा त्यांचा मुद्दा. मराठी कादंबरीचे अभ्यासक हा उतारा अद्भुतरम्य कादंबरीचे समर्थन म्हणून देतात. मला तो एका टंचाईची तक्रार वाटतो. मुलीचे लग्न दहाव्या वर्षी उरकत असेल तर प्रेमात पडायला लागणारी मधली वर्षे आणायची कुठून? ती राजकन्यांकडून उसनी घ्यावी लागली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक या विषयावर निबंध लिहिला. मराठीतली कादंबरीची टीका जवळपास कादंबरीइतकीच जुनी आहे, एवढे इथे नोंदवून पुढे जातो.

उसनवारीचा दुसरा मोठा सावकार म्हणजे इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स. गोविंद नारायण दातारशास्त्री यांच्या 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या कादंबऱ्यांनी भुयारे, वेषांतरे आणि हरवलेले वारस यांची अशी काही चटक लावली की घरातली वडील माणसे त्या लपवून ठेवत आणि मुले त्या शोधून काढत. रहस्यकथा वाचण्याची पहिली तालीम बहुधा या शोधातच झाली असावी.

मधली वर्षे मिळाली ती हळूहळू. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वय बारा झाले. १९२९ च्या सारडा कायद्याने लग्नाचे किमान वय मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा ठरवले. तो अंमलात आला एप्रिल १९३० मध्ये. कायदा किती पाळला गेला हा वेगळा विषय. शहरांतल्या मध्यमवर्गात मात्र मुली शाळेत, क्वचित कॉलेजात दिसू लागल्या होत्या. ना. सी. फडके यांची 'जादूगार' १९२८ ची, 'दौलत' १९२९ ची, 'अटकेपार' १९३१ ची. या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की फडक्यांच्या यशाचे निम्मे श्रेय त्यांच्या तंत्राकडून काढून काळाला द्यावेसे वाटते. रिसबुडांना जे मिळत नव्हते ते आता हाताशी होते. आजच्या काळातली, आपल्यासारखीच माणसे एकमेकांवर प्रेम करतात असे लिहिता येऊ लागले.

फडक्यांचे परीक्षण झाले, भरपूर झाले. ते स्वतः प्राध्यापक, 'प्रतिभासाधन'चे लेखक, १९४० च्या रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. खांडेकरांशी त्यांचा कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद रंगला. पण या सगळ्या चर्चेत एक माणूस गैरहजर आहे: जी मुलगी 'दौलत' अभ्यासाच्या पुस्तकात ठेवून वाचत होती ती. वाद चालला होता कादंबरीने काय करावे यावर. ती वाचून तिचे काय होत होते, हे तिला कोणी विचारले नाही.

बाबूराव अर्नाळकरांच्या वाट्याला तर वादही आला नाही. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, धंदा चष्म्यांच्या दुकानाचा, आणि पुस्तके हजारावर. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे ज्यांच्या तोंडी होती त्यांत शाळकरी पोरे होती, गिरणीतले कामगार होते आणि कबूल न करणारे वकीलही होते. माझ्या समजुतीप्रमाणे या पुस्तकांचा आकार वाचनालयाने ठरवला. वर्गणीदाराला रोज एक पुस्तक बदलून मिळते, तेव्हा ते एका रात्रीत संपले पाहिजे. आणि उद्या दुसरे हवे, तेव्हा लेखकाने थांबता कामा नये. पुढे गुरुनाथ नाईकांनी हाच वेग कायम ठेवला. त्यांचीही संख्या हजाराच्या पुढे जाते. अशा लेखनाचे परीक्षण करायचे तर परीक्षकानेही त्याच वेगाने वाचायला हवे होते. तेवढी सवड, किंवा इच्छा, 'सत्यकथे'च्या वर्तुळात कोणाला असणार?

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या प्रकरणाकडे येतो.

१९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता आणि श्यामा या तीन स्त्रिया, असा विषय. एका वाचकाने फिर्याद केली आणि कलम २९२ खाली खटला उभा राहिला. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने ते फिरवले, पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या ताब्यातल्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. दंड न भरल्यास आठवड्याची साधी कैद. पंचवीस रुपयांसाठी काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. रकमेकडे पाहिले तर हा हट्ट वाटेल, पण ज्याचे पोट लिहिण्यावर आहे त्याच्या नावापुढे 'अश्लील' हा शिक्का कायमचा बसणार होता.

तेव्हाची कायद्याची हवा काकोडकरांना अनुकूल नव्हती. पाचच वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. त्या निकालाचा पाया १८६८ च्या एका इंग्रज खटल्यातली कसोटी होता: ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत त्यांच्या हाती हा मजकूर पडला तर काय होईल? (१८६८. 'मंजुघोषा'चेच वर्ष.) म्हणजे सगळा भार पुन्हा त्या विशीच्या आतल्या वाचकावर. त्याला साक्षीला कोणी बोलावत नाही, पण खटला त्याच्याच नावाने चालतो.

१९६९ मध्ये न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेला निकाल मी अनेकदा वाचला आहे आणि माझे ठाम मत आहे की मराठी प्रेमकथेचे त्या काळातले सर्वांत काळजीपूर्वक केलेले परीक्षण ते हेच. निकालात कथानक आहे, पात्रांची ओळख आहे, आक्षेप घेतलेल्या उताऱ्यांचा विचार आहे, आणि सुटे उतारे न पाहता कथा सबंध वाचावी हा आग्रह आहे. दर्जाबद्दल न्यायालयाने भीड ठेवली नाही. कथेची वाङ्मयीन पातळी वरची नसेल, तीत अपरिपक्वता दिसत असेल, असे म्हणून झाल्यावर निकाल खऱ्या मुद्द्याला येतो. कोवळ्या वयाच्या वाचकांनी असे प्रसंग वाचले एवढ्यानेच ते बिघडतील असे खात्रीने म्हणता येत नाही. असे प्रसंग त्यांच्यासमोर प्रत्यक्ष आयुष्यातही येऊ शकतात. आणि कादंबरीतला लैंगिकतेचा नुसता उल्लेखही त्यांना वर्ज्य ठरवायचा झाला, तर त्यांना वाचायला निव्वळ धार्मिक पुस्तकेच उरतील. काकोडकर निर्दोष सुटले. त्याच वर्षी कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनांना अपवाद मिळाला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राज खोसला यांचा 'दो रास्ते' पडद्यावर आला. त्याची कथा काकोडकरांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवरची. कुटुंबच्या कुटुंबे तो पाहायला गेली.

या निकालात मला एक गोष्ट खटकतेही. कथेत चुकणाऱ्याचे वागणे निंद्य ठरवले आहे, तीतून निश्चित बोध निघतो, याचा फायदा लेखकाला मिळाला. म्हणजे सुटका झाली ती थोडीफार तात्पर्याच्या जोरावर. प्रेमकथेला तात्पर्याचा जामीन लागावा ही अट आपल्याकडे न्यायालयांच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तिने मराठी प्रेमकादंबरीचे बरेच शेवट बिघडवले आहेत.

इथे अमेरिकेकडे एक नजर टाकतो, कारण हीच पुस्तके तिथे वेगळ्या वाटेने गेली. १९३० मध्ये आलेल्या नॅन्सी ड्रू या मुलीच्या रहस्यकथांना तिथल्या अनेक ग्रंथपालांनीही दार लावून घेतले होते. पण पुढे त्याच पेशातल्या लोकांनी या वयाच्या वाचकाकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. १९५७ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेत तरुण वाचकांसाठी स्वतंत्र विभाग झाला, आणि १९७८ मध्ये डोरोथी ब्रॉडरिक आणि मेरी के. चेल्टन या दोघींनी 'व्होया' हे परीक्षणांचे नियतकालिक काढले. त्यात प्रत्येक पुस्तकाला पाचपैकी दोन गुण देत: एक दर्जाचा, दुसरा मुलांना ते कितपत आवडेल याचा. दोन्हींची बेरीज करत नसत. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे पहिलाच रकाना होता. दुसऱ्याची नोंद वाचनालयाच्या कारकुनाजवळ राहिली, आणि वाचनालये बंद झाली तेव्हा ती वह्यांसकट रद्दीत गेली.

मराठीत या वयासाठी काहीच नव्हते असे नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजे फास्टर फेणे, रहस्याचा वाटा उत्तम सांभाळत होता. १९७१ पासून बालभारतीचे 'किशोर' होते. पण फाफे सायकल घेऊन चोरांच्या मागे जातो, एखाद्या मुलीच्या मागे नव्हे. 'किशोर' संपल्यावर मुलगा थेट मोठ्यांच्या कपाटाशी जाऊन पोहोचायचा, आणि तिथे त्याला भेटायचे सुहास शिरवळकर.

शिरवळकरांच्या बाबतीत माझी परीक्षकाची लेखणी जरा डगमगते, कारण मी त्यांचा वाचक आधी आणि अभ्यासक नंतर झालो. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास हा सगळा रहस्याचा प्रपंच सांभाळत त्यांनी 'दुनियादारी' लिहिली. ती १९८२ ची. 'सत्यकथा' बंद पडली तीही १९८२ मध्येच. यात कार्यकारणभाव शोधायला मी जाणार नाही, पण योगायोग बोलका आहे. 'दुनियादारी'तला कट्टा, शिव्या, उधारी आणि मित्रासाठी केलेल्या मारामाऱ्या यांचीच आठवण लोक काढतात. २०१३ च्या चित्रपटाने तर ती आठवण पक्की केली. मला त्या कादंबरीतली मोठी गोष्ट वाटते ती एम. के. नावाचा दारूत बुडालेला माणूस, आणि नायकाला त्याच्याविषयी कळत जाणारे सत्य: हा आपल्या आईचा जुना प्रियकर. आपली आई आपल्या आधी कोणाची तरी होती, तरुण होती, हे एखाद्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी समजणे, हे रहस्यकथेचे तंत्र जाणणाऱ्या लेखकालाच इतके सावकाश उलगडता आले असते. प्रेमकथा आणि रहस्यकथा इथे एकमेकींत मिसळून जातात. हे तिच्या पहिल्या आवृत्तीच्या वेळी कोणी नीट लिहिले असते तर शिरवळकरांना ते वाचायला मिळाले असते. ते २००३ मध्ये गेले.

आता दुसऱ्या रकान्याचा जो काही पुरावा माझ्यापाशी आहे त्याविषयी. बंद झालेल्या वाचनालयांतून घेतलेल्या माझ्याकडच्या प्रतींवर वाचकांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. रहस्यकथांत सगळ्यांत जास्त आढळते ती दुष्टाई: पहिल्याच पानावर खुन्याचे नाव. क्वचित त्या नावावर दुसऱ्या कोणी फुली मारून दुसरेच नाव लिहिलेले असते, आणि कोण खरे बोलतो ते पाहण्यासाठी पुस्तक वाचावेच लागते. प्रेमकादंबऱ्यांतली अक्षरे वेगळी. तिथे समासात उभ्या रेघा असतात, एखाद्या संवादाशेजारी नुसती तारीख असते. एका प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दोन हस्ताक्षरांत वाद आहे. नायिकेने परत जायला नको होते, असे पहिलीचे म्हणणे. दुसरी विचारते, मग जायचे कुठे? पहिलीने पुन्हा पुस्तक नेले असावे, कारण खाली तिचे उत्तर आहे, पण ते पान नेमके तिथेच फाटले आहे.

परतीच्या तारखांची चिठ्ठी बहुतेक प्रतींत अजून चिकटलेली आहे. सर्वांत जास्त शिक्के पडलेली माझ्याकडची प्रत एका रहस्यकथेची आहे. चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली, शेवटचा शिक्का १९९४ चा. मुखपृष्ठ गेले आहे. आतल्या पहिल्या पानावर कोणी तरी पुढच्या वाचकासाठी लिहून ठेवले आहे की मधली चार पाने नाहीत, तरी गोष्ट कळते.