विखुरलेल्या फाइली आणि राहून गेलेला बॅकअप

ताडकळस (जि. परभणी), प्रतिनिधी : विंडोज ९८ वर संगणक शिकलेल्यांना ‘डिफ्रॅगमेंट’ करताना पडद्यावर सरकणारे रंगीत चौकोन आठवत असतील. लिनक्सकडे वळलेला वापरकर्ता हीच सोय येथे शोधतो आणि ती न दिसल्याने गोंधळतो. वस्तुत: युनिक्स कुळातील प्रणालींमध्ये या प्रश्नाची तजवीज फार पूर्वीच झाली आहे.

हार्डडिस्कवर सलग जागा नसली की एकाच फाइलचे तुकडे ठिकठिकाणी लिहिले जातात. ती वाचताना डिस्कच्या शीर्षाला प्रत्येक तुकड्यासाठी नवी धाव घ्यावी लागते आणि अशा एका धावेत साधारण १० मिलिसेकंद जातात. बर्कले विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या प्रारंभी तयार झालेल्या ‘फास्ट फाइल सिस्टीम’ने डिस्कचे गट पाडले. एका फाइलचे भाग शक्यतो एकाच गटात ठेवायचे आणि काही जागा कायम मोकळी राखायची, ही तिची रीत. १९९३ मधील ‘एक्स्ट२’ने हाच विचार लिनक्समध्ये आणला. २००८ मध्ये स्थिर ठरलेली ‘एक्स्ट४’ तर लिहिण्याची घाईच करत नाही. मजकूर काही क्षण स्मृतीत थोपवून, त्याचा आकार कळल्यावर ती सलग जागा निवडते.

म्हणून नित्य डिफ्रॅगमेंट करण्याची गरज नाही. मात्र डिस्क ९० टक्क्यांहून अधिक भरली की निवडीला वावच उरत नाही. सतत वाढणारे डेटाबेस आणि मोठ्या नोंदवह्यांचे तुकडे अशा वेळी झपाट्याने वाढतात. ‘डीएफ’ ही आज्ञा उरलेली जागा दाखवते, तर ‘फाइलफ्रॅग’ एखाद्या फाइलचे किती तुकडे झाले ते सांगते. फारच झाले असतील तर ‘ई४डीफ्रॅग’ वापरावे. एसएसडीला फिरते शीर्षच नसल्याने तेथे हा खटाटोप निरर्थक ठरतो. उलट लिहिण्याची झीज वाढते. तेथे ‘एफएसट्रिम’ पुरेसे आहे.

जुने युनिक्स प्रशासक निराळाच उपाय करीत. सारी माहिती टेपवर घ्यायची, डिस्क नव्याने तयार करायची आणि माहिती परत उतरवायची. फाइली आपोआप सलग बसत. अर्थात टेपवरची प्रत चोख असेल, तरच!

खरी अडचण नेमकी येथे आहे. ‘टार’ १९७९ पासून आणि केवळ बदललेला भाग पाठवणारी ‘आरसिंक’ १९९६ पासून उपलब्ध आहे. साधने विनामूल्य आहेत. तरीही दोन गैरसमज कायम आढळतात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. ‘आरसिंक’ला ‘डिलीट’ हा पर्याय जोडला की तीही मूळ ठिकाणी झालेली चूक प्रतीत इमानाने उतरवते. त्यासाठी तारीखवार वेगळ्या प्रती ठेवाव्यात. चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलू नयेत. ‘मायएसक्यूएलडंप’ किंवा ‘पीजी_डंप’ वापरावे.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला. सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली. रोजचे डंप आवृत्तीतील तफावतीमुळे निकामी होत होते आणि त्याची सूचना देणारे ई-मेल पोहोचतच नव्हते. निराळ्या कारणासाठी घेतलेली सहा तासांपूर्वीची प्रत हाती लागली, म्हणून निभावले.

प्रत दुसऱ्या इमारतीत का हवी, हे २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीने दाखवले. त्या आगीत पाच जणांचा बळी गेला, अनेक विभागांच्या कागदी फाइली जळाल्या. परभणी जिल्ह्याने सप्टेंबर २०२४ मध्ये अतिवृष्टी अनुभवली. ताडकळससारख्या गावातील सेवा केंद्र, पतसंस्था किंवा छायाचित्रकाराने एक प्रत परभणी अथवा नांदेडला ठेवणे हे चैनीचे काम नाही. वीज अचानक गेल्यास जर्नलिंगमुळे फाइल प्रणालीची रचना सावरते. अर्धवट लिहिलेली नोंद मात्र सावरेलच असे नाही.

‘क्रॉन’वर रात्रीची वेळ लावून निश्चिंत होऊ नये. महिन्यातून एकदा चार-दोन फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये परत उतरवून ‘एसएचए२५६सम’ने मूळ फाइलींशी ताडून पाहाव्यात. प्रत कूटबद्ध केली असल्यास तिचा पासवर्ड त्याच संगणकात नव्हे, कागदावर लिहून अन्यत्र ठेवावा.