तपासणीआधीचा अविश्वास

वारंवार उन्हाळी लागणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन बायकांची तक्रार जुनीच आहे: दुखणे सांगून डॉक्टरला पटत नाही. याचे खापर एखाद्या डॉक्टरच्या उर्मटपणावर फोडणे सोपे आहे. पण हा अविश्वास माणसांच्या स्वभावापेक्षा तिथल्या वैद्यकाच्या रीतीतच मुरलेला आहे, आणि मूत्रविकारांच्या इतिहासात तो अगदी उघडा पडतो.

१८४५ साली अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग सुरू केले. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडून या बायकांची लघवी रात्रंदिवस गळत असे. पहिली लूसी. भूल नाही, आणि बघायला डझनभर डॉक्टर. लघवी वाहून जावी म्हणून सिम्सने आत स्पंजचा तुकडा ठेवला. त्यावर क्षार साचून तो आतल्या आत घट्ट चिकटला आणि शेवटी ओढूनच काढावा लागला. लूसी तापाने फणफणली, मरता मरता वाचली, सावरायला तिला दोन-तीन महिने लागले. तिच्या यातनांसकट हे सगळे सिम्सने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. आणि हाच गृहस्थ १८५७ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना सांगतो, की या शस्त्रक्रियेत भूल द्यावी इतके काही दुखत नाही!

सिम्सचे पाठीराखे म्हणतात, १८४५ साली भूल होती कुठे? खरे आहे. पण १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, आणि मॉन्टगोमेरीतले प्रयोग १८४९ पर्यंत भुलीविनाच चालले. या बायकांपैकी एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा. बायकांनाही बरे व्हायचे होते, हा दुसरा बचाव. व्हायचे असणारच. पण परवानगी मालकाची होती, आणि त्यांची इच्छा आपल्याला कळते तीही सिम्सच्याच लेखणीतून.

झाले गेले, असे म्हणावे तर २०१८ पाहा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून सिम्सचा पुतळा हलवला गेला तो याच वर्षी, आणि याच वर्षी पिट्सबर्गच्या संशोधकांनी तान्ह्या मुलांच्या मूत्रसंसर्गाचा अंदाज बांधणारे एक गणकयंत्र प्रसिद्ध केले. वय तेच, ताप तोच. पण मूल कृष्णवर्णीय अशी नोंद केली की धोका कमी दिसे. म्हणजे लघवी तपासायला पाठवण्याचे कारणही तेवढे कमी. यावर उत्तर असे, की आकडेवारीत तसे आढळले होते. आढळले असेल, पण वर्णामुळे मूत्रमार्गात जंतू कमी का वाढावेत, याचे शारीरिक कारण कोणी दाखवले नव्हते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने मूत्रसंसर्गाविषयीची, वर्णाचा निकष असलेली आपली २०११ ची मार्गदर्शिका २०२१ मध्ये मागे घेतली. त्या गणकयंत्रातूनही वर्ण काढला गेला. त्याच्या जागी दोन साधे प्रश्न आले: ताप किती दिवस आहे, आणि असा संसर्ग आधी कधी झाला होता का? त्याने अंदाजाची अचूकता कमी झाली नाही.